दोरीवाले रस्त्यावर बसले तेव्हा

क्वी वरून पडला त्याला वीस दिवस झाले होते, आणि या वीस दिवसांत थु व्हानने रंगमंचावर उभं राहून एकदाही मान वर केली नव्हती.

चोलोन पेठेच्या बाजारामागच्या थिएटरात तेव्हा 'रुपेरी कमळ' मंडळींचा मुक्काम होता. व्हान ही मंडळींतली दोन नंबरची नटी. पण दारावरच्या फलकावर चित्र तिचंच: निळा झगा, हातात तलवार, पायाखाली ढग. तलवारबाजीच्या खेळांत ती डाव्या विंगेतून उडायची, अख्खा रंगमंच ओलांडून देवळाच्या छपरावर उतरायची आणि उतरता उतरता गाण्याची पहिली ओळ उचलायची. लोक तेवढ्यासाठी यायचे. चौदा वर्षं हे चाललं होतं. झग्याखाली कातडी पट्टा, पट्ट्याला पाठीवर आकडा, आकड्यात काळी रंगवलेली पोलादी तार, तार माळ्यावरच्या कप्पीवरून पलीकडे, आणि पलीकडच्या टोकाला ताम काका.

ताम म्हणजे आठ, भावंडांतल्या क्रमाचा आकडा. त्याचं खरं नाव मंडळींत कुणालाच ठाऊक नव्हतं. ठेंगणा, मानेचा जाड माणूस. दोरी ओढायला लागण्याआधी हलकंच खाकरायचा. ते खाकरणं ऐकलं की व्हान पायाची बोटं जमिनीवरून सोडायची. दुसरी खूण कधी लागलीच नाही.

पूर्वी एका तारेवर चार माणसं असत. पावसाळ्यानंतर मालकीणबाईंनी, साउबाईंनी, ती दोनवर आणली. "सिनेमाच्या जमान्यात चार माणसं कसली पोसायची?" म्हणाल्या. मग क्वी राक्षस होऊन उडाला, त्याची तार कप्पीत अडकली, झटका बसला आणि दोघांच्या हातून दोरी सटकली. क्वी पंधरा फुटांवरून फळ्यांवर आपटला. जीव वाचला, एवढंच. प्रेक्षकांना वाटलं, खेळातलंच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. व्हान विंगेत उभी होती. त्या टाळ्या तिच्या कानातून काही केल्या जात नव्हत्या.

साउबाईंनी सगळ्यांना सांगितलं, दोरीवाले प्यायले होते.

दुसऱ्या दिवशी अकराच्या अकरा दोरीवाले चटया, स्टोव्ह, पोरंबाळं घेऊन थिएटराच्या मागच्या दारासमोर फुटपाथवर जाऊन बसले. मागणं तीन गोष्टींचं होतं. तारा नव्या आणा, तारेमागे चार माणसं द्या, आणि आम्ही प्यायलेले नव्हतो हे चारचौघांत सांगा. सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. पण शहरातल्या बाकीच्या पाच थिएटरांतले दोरीवालेही हलले. त्यांच्यामागे दिवेवाले आणि वाजंत्री. सगळ्यांनी मिळून तारीख दिली: शेवटच्या महिन्याची तेवीस, चुलीचा देव आकाशात जातो तो दिवस. तोवर निकाल लागला नाही तर एकाही थिएटराचा पडदा उघडणार नाही. आणि मग तेत, म्हणजे नववर्षाचा सण. नाटकवाल्यांचं अख्ख्या वर्षाचं पोट त्या दहा दिवसांवर.

तारखेला आठवडा उरला तेव्हा साउबाईंनी व्हानला खोलीत बोलावून घेतलं.

साउबाई सुपारी कातरत बसल्या होत्या. "बस," त्या म्हणाल्या. "रविवारी दुपारचा खेळ लावलाय. तलवारीचा."

"दोरी कोण धरणार, बाई?"

"धक्क्यावरून माणसं आणलीत. कोळसा उचलणारी. मनगटं बघ एकेकाची, तुला उचलून काय, हत्ती उचलतील."

"पण तार जुनीच आहे."

साउबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. "व्हान, मी तुला कुठून आणलं? मिठाच्या आगरातून. पायाला भेगा होत्या तुझ्या. मी कधी बोलून दाखवलं? तू उडालीस की बाकीच्या पाच थिएटरांना कळेल, यांच्यावाचून काही अडत नाही. नाही उडालीस तर..." त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "काल पोलीस ठाण्यातून साहेब आले होते. रस्त्यावर बसलेत त्यांची नावं मागत होते. त्यांच्यात कोण जंगलातल्या बंडखोरांना मिळालेलं आहे, असं विचारत होते. मी म्हटलं, मला काय ठाऊक! अजून तरी काही सांगितलेलं नाही."

त्या वर्षी असा प्रश्न ज्याच्याविषयी विचारला जाई तो माणूस एक दिवस घरी येत नसे, आणि त्याच्या घरचे शेजाऱ्यांना सांगत, गावी गेलाय.

"माझंही नाव विचारलं?" तिने विचारलं.

"तुझं कशाला विचारतील?" साउबाई गोड हसल्या. "तू तर रविवारी उडणार आहेस."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हान भात घ्यायच्या निमित्ताने मागच्या दाराने बाहेर पडली. समोरच दोरीवाल्यांचा संसार मांडलेला. कुणी सुकी मासळी भाजत होतं, कुणी दाढी करत होतं. चार पावलांवर कॉफीच्या टपरीवर पांढऱ्या शर्टातले दोन इसम बसले होते. त्यांची कॉफी केव्हाच संपलेली होती.

धक्क्यावरचे चौघे आत जायला आले तसे दोरीवाल्यांनी त्यांना घेरलं. त्यांचा मुकादम हाडापेराने मोठा, कानात कोळशाची पूड. त्याला चिन म्हणत. चिन म्हणजे नऊ.

"वा! आठ उठला, नऊ बसला!" एक दोरीवाला ओरडला. "उद्या दहा येईल रे, तेव्हा तुलाही फुटपाथ दाखवतील! चटई आत्ताच घेऊन ठेव!"

"मला माझी पोरं जगवायचीत," चिन खाली बघत म्हणाला.

"आणि आम्ही काय मांजरं जगवतोय?"

ताम काकाने हात वर केला तसे ते बाजूला झाले. चिन आत गेला. व्हानला बघून ताम काका स्टूल सरकवून उठला.

"बस पोरी. भात खाल्लास?"

तिला एवढं विचारलेलंही सहन होईना. "काका, मला रविवारी उडायला सांगितलंय," ती एका दमात बोलली.

"ऐकलं."

"तुम्ही म्हणाल तर..."

"मी काही म्हणणार नाही." त्याने टपरीकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. "मी नको म्हटलं आणि तुझ्यावर काही आलं, तर ते मला निस्तरता येणार नाही. उड म्हटलं आणि तू पड..." तो अडखळला. मंडळींत तो शब्द उच्चारत नसत. "तू उतरलीस, तर तेही नाही. एक कर. आज दुपारी माळ्यावर जा. कापसाचा बोळा घे, तार त्यातून ओढ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. जिथे कापूस अडकेल तिथे तारेचा पदर तुटलाय समज. एकदोन ठिकाणी अडकला तर चालतं. पाचसहा ठिकाणी अडकला तर ती तार नव्हे."

"आणि मग?"

"मग तुला कळलेलं असेल. आत्ता तुला नुसतं वाटतंय."

मागे बसलेला एक तरुण दोरीवाला फणकारला, "काका, संप मोडायला निघालीय ती, आणि तुम्ही तिला शिकवताय?"

"तू मासळी बघ, करपतेय," ताम काका म्हणाला.

दुपारी सगळे टांगलेल्या झोळ्यांत आडवे झाल्यावर व्हान माळ्यावर चढली. चौदा वर्षांत ती तिथे कधी गेली नव्हती. शिडीच्या प्रत्येक पायरीला तिच्या तळव्यांना घाम फुटत होता. तोंडाला लावायच्या रंगाच्या डब्यातला कापूस तिने आणला होता. तो तिने तारेभोवती धरला आणि चालू लागली. दोन हातांवर पहिला तंतू अडकला. मग आणखी एक. मग कप्पीजवळ एका वितीत चार. तिने मोजायचं सोडून दिलं. मागे वळून बघितलं तर काळ्या तारेवर ठिकठिकाणी पांढरे पुंजके लोंबत होते, जणू बगळ्याची पिसं.

ती तिथेच फळीवर बसली. क्वीची तारही हिच्याएवढीच जुनी; असेच तुटके पदर कप्पीत अडकले असणार. म्हणजे क्वीला पाडलं ते दारूने नव्हे. आणि म्हणजे गेले कित्येक महिने, रोज, गाण्याची ओळ मनात घोळवत ती या अशा तारेवर लोंबत होती.

खाली आल्यावर तिने साउबाईंना सांगितलं. साउबाई म्हणाल्या, "जुन्या तारेला कुसळं असायचीच. रंगभूमीच्या आद्यगुरूंना उदबत्ती लाव आणि डोकं शांत ठेव."

संध्याकाळी पांढऱ्या शर्टातला एक जण तिच्या आरशामागे येऊन उभा राहिला. "बाई, तुमचं गाणं फार आवडतं आमच्या घरी," तो म्हणाला. "तो आठ तुमच्या कानात काय सांगत होता?"

"भात खाल्लास का, विचारत होते."

"एवढंच? बराच वेळ विचारत होता."

तो गेल्यावर तिने भुवई रंगवायला घेतली, पण रेघ कपाळापर्यंत गेली.

*

रविवारी सकाळी दहाला तालीम होती. खुर्च्या रिकाम्या. खिडक्यांतून उजेड आत आलेला आणि त्यात धूळ तरंगत होती. साउबाई पहिल्या रांगेत पंखा घेऊन बसल्या. विंगेत चिन आणि त्याची तीन माणसं दोरीला भिडली.

व्हानने आद्यगुरूंच्या देव्हाऱ्यापुढे तीन उदबत्त्या लावल्या. तिसरी पेटता पेटेना. वेषभूषेच्या बाईने पाठीत आकडा अडकवला आणि खांद्यावर थोपटलं. व्हान खाकरण्याची वाट बघत राहिली. खाकरणं आलं नाही. चिनने "हं!" केलं, आणि पाठीला हिसका बसून ती वर गेली.

वर गेली ती पोत्यासारखी. झोके खात, स्वतःभोवती फिरत. वीसेक फुटांवर, रंगमंचाच्या बरोबर मध्यावर, वरून करकर आवाज आला आणि ती जागच्या जागी थांबली.

"ओढा रे!" खालून साउबाई ओरडल्या.

चौघांनी ओढलं. तिच्या मानेमागे काहीतरी फट्‌दिशी तुटलं, छोटंसं, वीणेची तार तुटावी तसं. मग आणखी एक. तारेचा एक पदर सुटून तिच्या गालावर येऊन लागला.

"ओढू नका!" ती किंचाळली. "ओढू नका! तार तुटतेय!"

चिन घाबरून म्हणाला, "मग सोडू?"

"सोडू नका!"

ओढायचं नाही, सोडायचं नाही. चौघं जण दगडासारखे उभे राहिले. दोरीवर त्यांचे दंड थरथरत होते आणि ती थरथर तारेतून वर येऊन तिच्या पाठीत उतरत होती. तिने श्वास कोंडून धरला. श्वास घेतला तरी वजन वाढेल असं तिला वाटत होतं. खाली फळ्या दिसत होत्या. क्वी पडला तिथली फळी नवी बसवलेली होती, बाकीच्यांहून पिवळी.

"अगं बाई, कुणीतरी काहीतरी करा!" वेषभूषेची बाई रडायला लागली.

शेवटी चिनच ओरडला, "माझ्या बापाला हे जमायचं नाही! त्या आठाला बोलवा! पळा!"

वेषभूषेची बाई मागच्या दाराकडे धावली. बाहेर काय झालं ते व्हानला नंतर कळलं. त्या तरुण दोरीवाल्याने ताम काकाचा दंड धरला होता. "काका, आत पाऊल टाकलंत तर संप संपला. त्यांना हेच हवंय." आणि टपरीवरचे दोघे उठून उभे राहिले होते, तेही ताम काकाने बघितलं होतं. "हात सोड," तो एवढंच म्हणाला होता. "पोरगी वर आहे."

व्हानला फक्त त्याचं खाकरणं ऐकू आलं. त्या आवाजासरशी तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"पोरी, खाली बघू नकोस. बोलूही नकोस. मी वर चढतोय, शिडी वाजेल, ती मीच आहे." मग विंगेकडे, "ए नऊ! नाव काय तुझं? नऊच ना? पायाला पाय लाव. मागच्या माणसाने दोरी कमरेला गुंडाळायची. मी खाकरलो की एक वीत सोडायची. एक वीत म्हणजे एकच."

"हो काका," चिन म्हणाला. त्या आडदांड माणसाचा आवाज चिरकला होता.

माळ्यावरून एक काथ्याचा जाड दोर वळवळत खाली आला. टोकाला फास होता. व्हानने तो काखांखाली घेतला. बोटं गार पडली होती, तीनदा निसटला, चौथ्यांदा बसला. ताम काकाने वरच्या तुळईला दोराचे वेढे दिले आणि कप्पीत अडकलेली तार सोडवली. मग खाकरला. एक वीत. पुन्हा खाकरला. पुन्हा एक वीत. पाय फळ्यांना लागायला किती वेळ गेला ते कुणालाच सांगता आलं नाही. लागल्यावर ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी जमीन चाचपत राहिली.

ताम काका खाली आला तेव्हा त्याच्या तळहातांची सालं निघाली होती.

साउबाईंनी पंखा मिटला. त्यांचाही चेहरा पांढरा पडला होता, पण जीभ जाग्यावर होती. "बघा, आलातच ना शेवटी? मग उगाच हा तमाशा कशाला? दुसऱ्या तारेवर बांधा तिला. दोन वाजता पडदा वर जाईल."

दुसरी तार क्वीची होती.

व्हान गुडघ्यांवरच होती. "मला भीती वाटते," ती म्हणाली.

तो शब्दही देव्हाऱ्यासमोर कुणी काढत नसे. वेषभूषेच्या बाईने तोंडावर हात ठेवला.

"काय म्हणालीस?"

"मला भीती वाटते, बाई. तारेची वाटते, तुमची वाटते, बाहेर बसलेल्या त्या दोघांची वाटते. सगळ्यांची वाटते. पण मी वर जाणार नाही. मला जाताच येणार नाही." हे बोलतानाही तिचे दात वाजत होते. त्यात शौर्यबिर्य काही नव्हतं. तिच्या अंगात वर जाण्याइतकं बळच उरलं नव्हतं.

विंगेतून चिन पुढे आला. त्याने डोक्याचं फडकं सोडलं आणि तोंड पुसलं. "आम्हीही ओढणार नाही," तो म्हणाला. "कोळशाचं पोतं पडलं तर फुटतं आणि आम्ही गोळा करतो. हे आमचं काम नव्हे."

एवढ्यात मागच्या दारातून पांढऱ्या शर्टातले दोघे आत आले. बाहेर फुटपाथवर अकरा माणसं, बायका, पोरं, येणारेजाणारे होते. तिथे त्यांनी इतके दिवस कुणाला हात लावला नव्हता. आत ताम काका एकटा होता. "आठ म्हणतात तो तूच ना? दोन मिनिटं चल," त्यांच्यातला एक सौम्यपणे म्हणाला. ताम काकाने सोललेले तळहात एकदा सदऱ्याला पुसले आणि तो पुढच्या दाराने त्यांच्याबरोबर गेला. बाहेरच्या लोकांना कळेपर्यंत गाडी निघून गेली होती.

माझ्यासाठी आत आला म्हणून नेला, हे व्हानला उमगायला क्षणभर लागलं.

*

दोनचा खेळ झाला नाही. व्हानने रंग पुसला आणि ती दोरीवाल्यांच्या चटईवर जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत दिवेवाले आले, मग वाजंत्री आले. त्या तरुण दोरीवाल्याने काही न बोलता तिच्यापुढे भाताचा वाडगा ठेवला.

सोमवारी ती पोलीस ठाण्यात गेली. जायच्या आधी तीनदा परत फिरली, एकदा तर ठाण्याच्या पायरीवरून. क्वीच्या तारेचा आणि स्वतःच्या तारेचा एकेक हातभर तुकडा तिने चिनकडून कापून आणला होता. तिथल्या साहेबासमोर ते टेबलावर ठेवून म्हणाली, "माणूस पडला तो यामुळे. दोरीवाले राजकारण करत नव्हते, तार मागत होते. मी तसं लिहून सही करते."

"सही केलीत तर तुमचं नाव आमच्या कागदावर येईल," साहेब म्हणाला.

"येऊ द्या," ती म्हणाली, आणि तिने सही केली.

तिला वाटलं होतं, आपल्यालाही ठेवून घेतील. ठेवून घेतलं नाही. पण त्यानंतर कित्येक दिवस दारावर थाप पडली की ती भिंतीला चिकटून उभी राही.

तेविसाव्या तारखेला दुपारी सहाही थिएटरं खरोखर बंद झाली. तिकिटाच्या खिडक्यांवर फळ्या लागल्या. लोक दाराशी येऊन शिव्या देऊन परत जाऊ लागले. बंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी मालकांनी निरोप पाठवला: तारा नव्या, प्रत्येक तारेवर तीन माणसं. चार नाही, तीन. क्वीच्या औषधपाण्याचं साउबाई बघतील. दारूविषयी त्या चारचौघांत काही बोलल्या नाहीत, आणि कुणी फार ताणूनही धरलं नाही. तेत तोंडावर आला होता.

ताम काका नवव्या दिवशी सुटून आला. उजवा कान ऐकेनासा झाला होता. काय झालं ते त्याने सांगितलं नाही. कुठल्याही मंडळींनी त्याला कामावर घेऊ नये, असं वरून बजावलेलं होतं, आणि कुणी घेतलंही नाही. कालव्याजवळ सायकलींची पंक्चरं काढायला तो बसू लागला. व्हानच्या तारेवर मुकादम म्हणून चिन लागला. तालमीआधी तो रोज सकाळी कालव्यावर जाऊन एकेक गोष्ट विचारून यायचा.

तेतच्या तिसऱ्या दिवशी व्हान पहिल्यांदा उडाली. नवी तार, तीन माणसं, चिनचं खाकरणं. भीती गेली नव्हती. पायाची बोटं सुटली तशी ती तिच्यासोबतच वर आली आणि छपरापर्यंत सोबतच होती. गाण्याची पहिली ओळ थोडी कापरी आली. लोकांना ती करुण वाटली.

खेळ सुटल्यावर ताम काका पुढच्या दारापाशी, तिकीट काढून आलेल्या लोकांत उभा दिसला. अंगात नवा सदरा. चौदा वर्षांत त्याने तिचं उडणं समोरून कधी बघितलं नव्हतं.

"काका! कसं दिसलं?" ती त्याच्या डाव्या कानाशी जाऊन म्हणाली.

तो जरा संकोचला. "तार दिसते गं," तो म्हणाला. "लख्ख दिसते. मी इतकी वर्षं रंगवत बसायचो."

"लोकांना ठाऊक असतं, काका."

"असं?" त्याने दारावरच्या फलकातल्या तिच्या चित्राकडे बघितलं. "तरी टाळ्या वाजवत होते."

मग सायकलीचं दुकान पोराच्या हवाली करून आलोय म्हणाला, आणि गर्दीतून वाट काढत कालव्याच्या दिशेने निघून गेला.